समीक्षेकडून महोत्सवाकडे : अरुणा वासुदेव यांची वाटचाल

साहित्यसमीक्षकाला एक सोय उपलब्ध असते, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे त्याला भानही राहात नाही. ज्या ग्रंथाविषयी तो लिहितो तो ग्रंथ वाचकाला मिळू शकेल, असे तो गृहीत धरतो. ग्रंथ दुर्मिळ असेल, परभाषेतील असेल. तरी एखाद्या ग्रंथालयात त्याची एखादी प्रत असते, किंवा त्याचा अनुवाद करता येतो. चित्रपटसमीक्षकाला विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ही सोय नव्हती. इराणमधील किंवा श्रीलंकेतील एखाद्या चित्रपटाविषयी दिल्लीच्या समीक्षकाने कितीही मार्मिक लिहिले, तरी तो चित्रपट पाहण्याचा मार्ग वाचकापाशी नसे. लेख वाचून जागे झालेले कुतूहल लेखापाशीच संपे. अशा समीक्षेला साक्षीदार नसतो. तिचे म्हणणे पडताळून पाहता येत नाही, आणि म्हणून तिच्याशी वादही घालता येत नाही.

समीक्षकाने महोत्सव का उभारावा, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या अडचणीत आहे. महोत्सव म्हणजे केवळ उत्सव नव्हे. ज्या कृतींविषयी बोलावयाचे त्या कृती श्रोत्यांसमोर आणून ठेवण्याची ती व्यवस्था आहे. ह्या दृष्टीने पाहता समीक्षक आणि महोत्सवाचा संस्थापक ह्या दोन भूमिका परस्परांहून भिन्न राहात नाहीत. दुसरी पहिलीची परिणती ठरते. भारतात ही परिणती सर्वांत स्पष्टपणे ज्यांच्या कार्यात दिसते त्या अरुणा वासुदेव (१९३६–२०२४) होत. ग्रंथ, त्रैमासिक, संघटना आणि महोत्सव असे त्यांच्या कार्याचे चार टप्पे आहेत. ते एकापुढे एक असे का आले, हे समजून घेणे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकालाही उपयोगाचे आहे.

१

समीक्षकांनी महोत्सव घडविण्याची परंपरा भारताबाहेर तशी जुनी आहे. लंडन चित्रपट महोत्सव १९५७ साली सुरू झाला. त्याची मूळ कल्पना ज्या मंडळींच्या बोलण्यातून निघाली त्यांत ‘संडे टाइम्स’च्या समीक्षिका डिलिस पॉवेल होत्या. कान येथील महोत्सवात १९६२ पासून ‘समीक्षकांचा सप्ताह’ हा स्वतंत्र विभाग चालू झाला, तो फ्रेंच चित्रपटसमीक्षकांच्या संघटनेने. ‘काहिए द्यु सिनेमा’ ह्या नियतकालिकात लिहिणारे तरुण समीक्षक त्याच सुमारास स्वतः दिग्दर्शक झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. समीक्षा ही निर्मितीनंतर येणारी, तिच्या मागून चालणारी गोष्ट आहे, हा समज फ्रान्समध्ये तरी त्या काळात मोडीत निघाला होता.

अरुणा वासुदेव यांच्या घडणीत ह्या वातावरणाचा वाटा आहे. त्यांचे काही शिक्षण न्यूयॉर्कमध्ये व काही पॅरिसमध्ये झाले. छायाचित्रण व अनुबोधपटांची निर्मिती ह्या मार्गाने त्या चित्रपटाकडे आल्या आणि पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी चित्रपटांवरील सेन्सॉरशिप ह्या विषयावर मिळविली. फ्रेंच भाषेशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकला. पीटर ब्रूक यांच्या ‘महाभारत’ ह्या नाट्यप्रयोगाचे लेखक झाँ-क्लोद कारियेर यांनी त्या प्रयोगाच्या तयारीसाठी भारतात केलेल्या प्रवासाची टिपणे लिहिली आहेत. त्या फ्रेंच पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद वासुदेव यांचाच आहे. चित्रपटाच्या क्षेत्रात वावरणारी ही व्यक्ती अनुवादकही होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२

‘लिबर्टी अँड लायसन्स इन द इंडियन सिनेमा’ हा त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथनामातील ‘लायसन्स’ हा शब्द द्व्यर्थी आहे. शासनाने दिलेला परवाना हा त्याचा एक अर्थ, आणि मर्यादा सोडून वागणे, म्हणजे स्वैराचार, हा दुसरा. चित्रपटाला परवाना हवा असे म्हणणारा आणि परवान्याविना चित्रपट स्वैर होईल असे म्हणणारा, दोघेही एकच शब्द वापरतात. सेन्सॉरशिपविषयीच्या साऱ्या वादाची मेख ह्या एका शब्दात आहे.

ग्रंथाचा काळही लक्षणीय आहे. भारतात चित्रपटांवरील नियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ चा. परकीय सत्तेला चित्रपटाच्या परिणामाची धास्ती वाटू लागली होती. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशभर साक्षी नोंदवून ह्या प्रश्नाची चौकशी केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. परंतु प्रदर्शनापूर्वी तपासणी हे जुन्या व्यवस्थेचे मूळ तत्त्व तसेच राहिले. न्या. खोसला समितीचा अहवाल १९६९ मध्ये आला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ ह्या अनुबोधपटावरून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९७० साली न्यायालयाने पूर्वतपासणीचे तत्त्व घटनेशी सुसंगत ठरविले. पुढे आणीबाणीच्या काळात ‘किस्सा कुर्सी का’ ह्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. ह्या घटना ताज्या असताना वासुदेव यांचा ग्रंथ वाचकांच्या हाती पडला. ‘सेन्सॉर मंडळ’ जाऊन त्या जागी ‘प्रमाणपत्र मंडळ’ हे नाव आले ते १९८३ मध्ये. नाव बदलले, कात्री राहिली.

ह्या अभ्यासातून हाती येणारा विचार असा की, समाजाने काय पाहावे हे दोन सत्ता ठरवितात. एक सत्ता कायद्याची. ती उघड असते, लेखी असते, आणि म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागता येते. दुसरी सत्ता वितरणाची. ती काहीच कापीत नाही, काहीच नाकारीत नाही. ती फक्त आणीत नाही. शेजारच्या देशाचा चित्रपट आपल्याकडे लागत नाही, ह्यावर कोणी खटला भरू शकत नाही. पहिल्या सत्तेवर ग्रंथ लिहिता येतो. दुसऱ्या सत्तेला ग्रंथाने उत्तर देता येत नाही. तिला उत्तर द्यावयाचे तर चित्रपटच आणून दाखवावा लागतो. वासुदेव यांची पुढील वाटचाल ह्या दुसऱ्या सत्तेला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते.

३

उत्तराचा पहिला भाग होता नियतकालिक. १९८८ साली दिल्लीहून ‘सिनेमाया’ हे आशियाई चित्रपटाला वाहिलेले इंग्रजी त्रैमासिक त्यांनी सुरू केले. ‘सिनेमा’ आणि ‘माया’ ह्यांचा संधी करून घेतलेले हे नाव भारतीय वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ते वर्ष अनुकूल होते. १९८८ मध्येच झांग यिमौ यांच्या ‘रेड सोर्घम’ला बर्लिनचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पुढच्या वर्षी तैवानच्या हौ श्याओ-श्येन यांच्या ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ला व्हेनिसचे. अब्बास किआरोस्तामी यांचे नाव ह्याच सुमारास इराणबाहेर ऐकू येऊ लागले. पण ह्या गौरवाची दिशा पाहण्यासारखी आहे. चीन, तैवान, इराण येथील चित्रपटांची कीर्ती बर्लिन, व्हेनिस, लोकार्नो येथे ठरत होती आणि तेथून दिल्लीला पोचत होती. आशियातील दोन शेजाऱ्यांना एकमेकांची ओळख युरोपच्या मध्यस्थीने होत होती. सत्यजित राय यांना जाणणाऱ्या भारतीय रसिकालाही लेस्टर जेम्स पेरिस यांचा ‘रेकाव’ (१९५६) पाहावयास मिळालेला नसे, आणि श्रीलंका तर हाकेच्या अंतरावर!

साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचयाची वाटेल. मराठी वाचक कन्नड वा ओडिया कादंबरी पुष्कळदा इंग्रजी अनुवादातून वाचतो. सीमेपलीकडच्या गावातले साहित्य त्याच्यापर्यंत लंडन-न्यूयॉर्कमार्गे येते. ‘सिनेमाया’ने ही मध्यस्थी दूर केली काय? भाषेच्या बाबतीत नाही. ते त्रैमासिक इंग्रजीतच निघत असे. परंतु निवड कोणी करावयाची, कोणता चित्रपट महत्त्वाचा हे कोणी ठरवावयाचे, आणि त्याविषयी कोणी लिहावयाचे, ह्या बाबतींत मात्र निश्चितपणे केली. माध्यमभाषा परकी आणि निर्णय स्वतःचा, अशी ही तडजोड होती. ती अपुरी होती असे म्हणता येईल. पण टोकियो, मनिला, कोलंबो आणि दिल्ली ह्यांना एका पानावर आणणारी दुसरी भाषा त्या वेळी उपलब्ध नव्हती, हेही मान्य करावे लागेल.

ह्या कामात त्यांना लाभलेल्या सहकाऱ्यांत रश्मी दोरायस्वामी आणि लतिका पाडगांवकर यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ह्या तिघींनी मिळून संपादित केलेला ‘बीइंग अँड बिकमिंग : द सिनेमाज ऑफ एशिया’ (२००२) हा ग्रंथ आशियातील देशोदेशींच्या चित्रपटांचा एकत्र परामर्श घेतो. शीर्षकातील ‘सिनेमाज’ हे अनेकवचन हेतुपूर्वक आहे. जपानी समीक्षक तादाओ सातो यांचा केन्जी मिझोगुची यांच्यावरील ग्रंथ ब्रिज तनखा यांच्या इंग्रजी अनुवादात २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन वासुदेव व पाडगांवकर यांचे आहे. जपानी समीक्षकाने जपानी दिग्दर्शकावर लिहावे, भारतीय विद्वानाने ते भाषांतरित करावे, आणि दिल्लीत वर्षानुवर्षे आशियाई चित्रपटाचे त्रैमासिक काढणाऱ्यांनी ते सिद्ध करावे, ही घटना ‘सिनेमाया’च्या मागील भूमिकेचे उत्तम उदाहरण होय.

४

दुसरा भाग संघटनेचा. १९९० साली युनेस्कोच्या प्रेरणेने व साहाय्याने ‘सिनेमाया’ने नवी दिल्लीत आशियाई चित्रपटावर एक परिषद भरविली. तिच्यातून ‘नेटपॅक’, म्हणजे आशियाई चित्रपटाच्या प्रसारासाठी झालेले जाळे, ही संस्था निघाली. समीक्षक, दिग्दर्शक, महोत्सवांचे आयोजक, वितरक आणि अध्यापक असे सर्व तिच्यात एकत्र आले. ठिकठिकाणच्या महोत्सवांत आशियाई चित्रपटासाठी स्वतंत्र परीक्षक मंडळ नेमून पारितोषिक देणे, हा ह्या संस्थेच्या कार्याचा सर्वांत दृश्य भाग. बर्लिन, रॉटरडॅम, बुसान, केरळ अशा अनेक महोत्सवांत ते दिले गेले आहे. ह्यात रोख रकमेला महत्त्व नाही. आशियाई चित्रपटाचे मूल्यमापन करणारे मंडळ आशियाई चित्रपटाचे जाणकार असावे, एवढाच त्यातील आग्रह, आणि तोच महत्त्वाचा.

ह्या मंडळींकडे पाहिले म्हणजे वासुदेव यांची वाटचाल एकाकी नव्हती हे ध्यानात येते. तादाओ सातो हे १९९१ पासून २००६ पर्यंत फुकुओका येथील आशियाई चित्रपट महोत्सवाचे संचालक होते. सिंगापूरच्या महोत्सवाची धुरा दीर्घकाळ सांभाळणारे फिलिप चिआ हे मुळात एका नियतकालिकाचे संपादक. १९९६ मध्ये बुसानचा महोत्सव उभा करणाऱ्यांत किम जी-सोक हे समीक्षक व अध्यापक होते. लिहिणाऱ्या माणसाने दाखविण्याची जबाबदारी अंगावर घ्यावी, अशी आशियाच्या त्या पिढीची परिस्थितीच होती. कारण दाखविणारे दुसरे कोणी नव्हते.

महाराष्ट्रातही ह्याच जातीचे उदाहरण आहे. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’चे एक आधारस्तंभ सुधीर नांदगावकर हे चित्रपट-पत्रकार होते, मुंबईच्या ‘थर्ड आय’ आशियाई चित्रपट महोत्सवाचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. फिल्म सोसायटीच्या चळवळीतून आलेला हा प्रवाह आणि दिल्लीचा प्रवाह ह्यांचे उगम वेगळे असले तरी दोन्ही एकाच गरजेतून निघाले.

५

तिसरा भाग महोत्सवाचा. १९९९ साली दिल्लीत ‘सिनेफॅन’ हा आशियाई चित्रपटाचा महोत्सव वासुदेव यांनी सुरू केला. भारताला आंतरराष्ट्रीय महोत्सव नवीन नव्हता. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेला पहिला महोत्सव, त्यात दाखविलेले ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘राशोमोन’, आणि त्यांचा भारतीय दिग्दर्शकांवर झालेला परिणाम हा इतिहास प्रसिद्ध आहे. पण तो महोत्सव शासनाचा होता व साऱ्या जगाचा होता. ‘सिनेफॅन’ हा एका नियतकालिकाच्या घरातून निघालेला आणि एकाच खंडापुरता मर्यादित ठेवलेला महोत्सव होता. अकरा वर्षे ज्या चित्रपटांविषयी ‘सिनेमाया’त लिहून येत होते, ते आता वाचकाच्या डोळ्यांसमोर पडद्यावर येणार होते. समीक्षेला अखेर तिचा साक्षीदार मिळाला.

महोत्सव म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही पाहिले पाहिजे. कारण समीक्षकाची खरी कसोटी येथे लागते. त्या काळी दोन तासांचा चित्रपट म्हणजे ३५ मिलिमीटरच्या फितीची पाच-सहा मोठी रिळे. लोखंडी पेट्यांतून विमानाने येणारे हे ओझे वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाई. ते वेळेवर आले पाहिजे, जकात-कचेरीतून सुटले पाहिजे, आणि संपताच दुसऱ्या देशाच्या महोत्सवाकडे रवाना झाले पाहिजे. उपशीर्षके असलेली प्रत उपलब्ध नसेल तर प्रेक्षकाला कोरियन वा फारसी संवाद कसे कळावेत, हा प्रश्न उभा राही. आणि भारतात प्रमाणपत्राविना चित्रपट दाखवावयाचा तर केंद्र शासनाकडून सूट मिळवावी लागते. चित्रपटावरील नियंत्रणाचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळविणाऱ्या विदुषीच्या महोत्सवालाही त्याच कायद्याखालील सूट आवश्यक होती. ग्रंथातील विषय कार्यालयातील फाइलीच्या रूपाने पुन्हा समोर यावा, ह्यात विनोद असेल, पण विषयाची सत्यताही आहे.

निवडीचे काम हीसुद्धा एक प्रकारची समीक्षाच. फरक इतकाच की, लेखात समीक्षक नापसंतीची कारणे देऊ शकतो. महोत्सवात नाकारलेल्या चित्रपटाविषयी एक शब्दही लिहिला जात नाही. निवडणारा येथे नकळत त्या दुसऱ्या सत्तेचाच अंशभागी होतो; तोही काही आणतो आणि काही आणीत नाही. समीक्षक संस्थापक झाला की त्याच्या हाती ही सत्ता येते. ती त्याने कशी वापरली ह्याचा हिशेब पुढच्या समीक्षकाने मागावयाचा असतो.

२००४ मध्ये नेव्हिल तुली यांच्या ‘ओशियान’ ह्या कलाव्यवहारातील संस्थेने महोत्सवाची जबाबदारी घेतली आणि त्याचे नाव ‘ओशियान्स-सिनेफॅन’ असे झाले. आशियाई चित्रपटाबरोबर अरब देशांच्या चित्रपटालाही त्यात स्थान मिळाले. स्पर्धा विभाग आले. सिरी फोर्ट सभागृहातील गर्दी वाढली. विस्तार झाला तसा खर्चही वाढला, आणि महोत्सवाचे भवितव्य पुरस्कर्त्या संस्थेच्या आर्थिक स्थितीशी बांधले गेले. २००९ नंतर दोन वर्षे खंड पडला. २०१२ साली महोत्सव पुन्हा भरला. तो त्याचा बारावा आणि शेवटचा प्रयोग ठरला.

६

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ‘आशियाई चित्रपट’ अशी काही एक वस्तू आहे काय? इराण आणि जपान, तुर्कस्तान आणि फिलिपाइन्स ह्यांच्या चित्रपटांत समान असे काय आहे? भूगोलाच्या नकाशावरील एक रेषा कलेचे वर्गीकरण ठरवू शकते काय? शिवाय ‘आशिया’ ही कल्पनाच युरोपीय दृष्टीची निर्मिती नव्हे काय? एडवर्ड सैद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ वासुदेव यांच्या ग्रंथाच्याच वर्षी, १९७८ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यानंतर हा प्रश्न टाळता येत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने ह्या प्रश्नाने बिथरून जाण्याचे कारण नाही, कारण तो प्रश्न त्याचाही आहे. भारतीय साहित्य एक की अनेक, हा वाद साहित्य अकादेमीच्या स्थापनेपासून, म्हणजे १९५४ पासून, चालू आहे. भाषा, लिपी, परंपरा भिन्न असूनही एक ‘भारतीय साहित्य’ आहे असे मानावयाचे, तर ते कोठे सापडते? ते कोणत्याही एका ग्रंथात सापडत नाही. ते अनुवादात, चर्चासत्रात, एका अंकात शेजारी शेजारी छापलेल्या दोन लेखांत, म्हणजे तुलनेच्या कृतीत सापडते. तुलना ही अगोदरच असलेल्या एकतेची नोंद नसते. पुष्कळदा तीच एकतेला अस्तित्व देते.

‘आशियाई चित्रपटा’चेही तसेच आहे. सकाळी इराणी, दुपारी कोरियन आणि सायंकाळी मल्याळी चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात जे नाते जुळते, ते त्या तीन दिग्दर्शकांच्या मनात नसेल. पण एकदा जुळले की ते खोटे राहात नाही. मूल, घर, रस्ता, मौन, वडीलधाऱ्यांपुढे खाली गेलेली नजर, ह्यांचा एका चित्रपटातील अर्थ दुसऱ्याच्या शेजारी ठेवल्यावर उजळतो, किंवा दोहोंतील अंतर प्रथमच लक्षात येते. महोत्सवाचा कार्यक्रम-पत्रक हा ह्या अर्थाने तौलनिक समीक्षेचाच लेख असतो. फक्त त्यातील वाक्ये चित्रपटांची असतात आणि निष्कर्ष प्रेक्षकाला काढावा लागतो.

७

उत्तरायुष्यात वासुदेव जपानी पद्धतीच्या शाई-चित्रकलेकडे वळल्या. फ्रान्स शासनाने कला व साहित्याच्या क्षेत्रातील सन्मान देऊन त्यांचा गौरव केला. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. आशियाई चित्रपटाची माता असा त्यांचा उल्लेख वारंवार करण्यात आला. गौरव यथोचित आहे. पण अशा उपाधीने कार्याचे स्वरूप झाकले जाण्याचाही संभव असतो. आशियाई चित्रपट त्यांच्यापूर्वी होताच. नव्हता तो त्याचा एकत्रित वाचक आणि प्रेक्षक. तो त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविला.

त्यांच्या चार कृतींपैकी महोत्सव सर्वांत दिमाखदार होता आणि तो तेरा वर्षांतच संपला. त्रैमासिकही थांबले. ग्रंथ उरला आहे, आणि संघटना उरली आहे. पडद्यावर जे दिसले ते दिवे लागताच गेले. कागदावर जे लिहिले ते राहिले. ज्या समीक्षेला साक्षीदार नाही म्हणून महोत्सव उभारावा लागला, त्या महोत्सवाची साक्ष आता समीक्षेलाच द्यावी लागत आहे.

आज अनेक देशांचे चित्रपट घरबसल्या पाहता येतात, म्हणून हा सारा खटाटोप कालबाह्य झाला असे कोणी म्हणेल. परंतु उपलब्धता म्हणजे ओळख नव्हे. हजारो ग्रंथांच्या ग्रंथालयात वाट चुकलेल्या वाचकाला आणखी ग्रंथ नको असतात. हा ग्रंथ त्या ग्रंथाशेजारी ठेवून वाच, असे सांगणारे कोणी हवे असते. वितरणाची सत्ता पूर्वी आणीत नसे. आता ती सर्व काही आणते आणि त्यातून कोणते पुढे ठेवावयाचे हे आपल्या हिशेबाने ठरविते. त्या हिशेबापुढे स्वतःची निवड मांडणे, तिची कारणे देणे, आणि तिची जबाबदारी घेणे, हे काम समीक्षकाचेच आहे. अरुणा वासुदेव यांनी ते लेखणीने आरंभिले आणि लेखणी अपुरी पडली तेथे पडदा उभारला.